नाशकातला ऑटम

ज्युनिअर केजीच्या ग्रुपवर रात्री निरोप येतो: ‘उद्या ऑटम क्राफ्ट. गळलेली लाल-पिवळी पानं, पाइन कोन आणि एकॉर्न पाठवावेत.’ खाली धडाधड अंगठे. त्या अंगठ्यांपैकी एकानेही जन्मात एकॉर्न, म्हणजे ओकच्या झाडाचं टोपीवालं फळ, पाहिलेलं नसतं.

थंड देशांत दिवस लहान होतात, गारठा पडतो, हरितद्रव्य मोडतं आणि पानांतले दबलेले पिवळे-केशरी रंग वर येतात. नाशकातली झाडं मात्र ऑक्टोबरात नुकताच पाऊस पिऊन हिरवीगार उभी. ऑक्टोबर हीटमध्ये रंग बदलतात ते पालकांचे. आमची पानगळ माघ-फाल्गुनात. पण तेव्हा शाळेत ‘स्प्रिंग’ सुरू असतो.

एक आधार म्हणजे देशी बदाम. त्याचं एखादं चुकार पान अवेळीही लाल होतं. गंगापूर रोडच्या एका गल्लीत असं झाड आहे. त्याखाली मुलीच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा भेटले.

‘वॉकला?’

‘हो, वॉकलाच.’

दोघांच्याही हातात टॉर्च आणि पिशवी.

या दिवसांत पानांचा सडा पडतो तो द्राक्षबागेत, तोही छाटणीमुळे. निफाडला मेव्हण्याला फोन लावला.

‘दाजी, छाटणी उरकली, आता काड्यांना कोंब फुटायची पेस्ट चाललीय. विषारी असते, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. पण पानं कशाला?’

‘कागदावर चिकटवायला.’

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग हळूच, ‘ताई बरी आहे ना?’

पाइन कोनची सोय सुरूच्या बोंडांनी झाली. ती बोराएवढी असतात, पण चार वर्षांच्या मुलांना प्रमाणबद्धतेचं काय! एकॉर्नसाठी बायकोने देवघरातली सुपारी घेऊन तिला कणकेची टोपी बसवली. आईने चष्मा लावून निरखलं आणि विचारलं, ‘गणपतीला कानटोपी कशाला घातलीत?’

पानांचा प्रश्नही आईनेच सोडवला. दसरा नुकताच झालेला, परातभर सोनं वाळत पडलेलं. (त्यातली बरीचशी पानं कांचनाची असतात, पण बाजारात त्या दिवशी कोण विचारतो?) आपट्याचं पान मुळातच दोन पाळ्यांचं, देठाच्या जागी मिशा काढल्या की फुलपाखरू तयार. हळद-कुंकू कालवून लाल-पिवळा रंगही दिला. मध्यरात्री डिंक संपला तेव्हा मुलगी केव्हाच झोपली होती. हे क्राफ्ट मुलांसाठी असतं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने घरी आली.

‘अगं, फुलपाखरं कुठंयत?’

‘वाटली.’

मिसला, शिपाईकाकांना, बसमधल्या मावशींना, सगळ्यांना एकेक ‘सोनं घ्या’ म्हणून दिलं होतं आणि वाकून नमस्कारही केला होता. मिसने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली नवा निरोप: ‘पुढच्या आठवड्यात विंटर. भरपूर कापूस पाठवावा.’

आईने वातींचा डबा उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.