नोकरी सोडून मी महालातल्या प्रिंटिंगच्या दुकानात का गेलो

गेल्या वर्षी पाडवा झाला आणि मी नोकरी सोडली. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून थोडं आत माझ्या शाळेतल्या मित्राचं प्रिंटिंगचं दुकान आहे. टी-शर्ट, टोप्या, मग, पिशव्या, जे सांगाल त्यावर छापून मिळतं. आता मी तिथं असतो. भेटेल तो विचारतो, "काहून बे, चांगली नोकरी होती न?" प्रत्येकाला रस्त्यात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

नोकरी एका कोचिंग क्लासच्या जाहिरात विभागात होती. अकरा वर्षं. निकाल लागला की मुलांचे पासपोर्ट फोटो कापायचे, केसांच्या कडा साफ करायच्या, मार्क मोठे, नाव लहान, आणि फ्लेक्स छपाईला. त्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण अकरा वर्षांत मी स्वतःच्या हातानं एक अक्षर काढलं नाही, आणि मला शाळेपासून अक्षरंच काढायची होती. बारावीनंतर शासकीय चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म आणला होता. घरची परिस्थिती पाहून तो भरला नाही. ते आत राहून गेलं होतं.

मित्राकडे मी लहानपणापासून जायचो. दुकान तेव्हा त्याच्या बाबांचं होतं. काका लग्नपत्रिका आणि मंडळांचे बॅनर स्क्रीन प्रिंटिंगनं छापायचे. बटर पेपरवर काळ्या शाईनं अक्षरं काढायची, फ्रेमच्या जाळीला केमिकल लावून ती अंधारात वाळवायची, वर बटर पेपर आणि काच ठेवून फ्रेम गच्चीवर उन्हात न्यायची. ऊन लागलं तिथलं केमिकल घट्ट होतं, काळ्या अक्षराखालचं कच्चं राहतं आणि पाण्यानं धुतलं की निघून जातं. त्या मोकळ्या जाळीतून शाई खाली उतरते. काका मोठ्यानं आकडे मोजायचे. मे महिन्याच्या उन्हात आकडा कमी, पावसाळी ढगात जास्त. फ्रेमवर पाण्याची धार सोडली की 'शुभविवाह' हळूहळू उमटायचं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. अक्षर असं जन्माला येताना मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

आता दुकानात डीटीएफ मशीन आहे. फिल्मवर डिझाइन उलटं छापतं, ओल्या शाईवर पावडर पडते, ती वितळवून घ्यायची आणि मग हीट प्रेसखाली साधारण १६० अंशांवर पंधरा-वीस सेकंद दाबलं की डिझाइन कापडावर. एकच टी-शर्ट हवा असेल तर हेच बरं. शंभर-दोनशे नग आणि रंग एक-दोन असतील तर आजही स्क्रीनच परवडते, कारण प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी करावी लागते आणि तो खर्च नगांवर वाटला जातो. आपल्या नागपूरची हवाही सांभाळावी लागते. उन्हाळ्यात कोरड्या हवेनं मशीनच्या हेडमध्ये शाई वाळते, म्हणून कूलर माणसांइतकाच तिच्यासाठी चालतो. पावसाळ्यात पावडरच्या गुठळ्या होतात. पांढरी शाई तर तळाशी बसते, ती रोज हलवावी लागते, दुकान बंद असलं तरी.

मित्र म्हणाला होता, "तू येऊन जाय इथं. मशीन हाय, गिऱ्हाईक हाय. डिझाइन बनवणारा माणूस नाही माह्याजवळ." मी लगेच हो म्हणणार होतो. त्याच्या आईनं, काकूंनी थांबवलं. "दोस्ती टिकवायची असंन तं पैशाचं आधी लिहून घ्या," एवढंच बोलल्या. आम्ही लिहिलं. मला नोकरीत ३८ हजार मिळत होते, इथं महिना २२ हजार, आणि मी केलेलं डिझाइन दुकानानं स्वतः विकलं तर नफ्यात निम्मा वाटा. गिऱ्हाइकाच्या कामाला पहिला हक्क, माझ्या कामाला संध्याकाळी सहानंतरचा वेळ. दोघांच्या सह्या झाल्या. मित्रासोबत धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. तो कागद नसता तर ऑक्टोबरात आमचं बोलणं बंद झालं असतं.

ऑक्टोबरात काय झालं ते सांगतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आठ-दहा दिवस होते. उमरेडकडचे एक काका दुकानात आले. त्यांचा गट दरवर्षी दीक्षाभूमीच्या वाटेवर येणाऱ्या लोकांना पाणी आणि जेवण वाटतो. त्यांना पंचेचाळीस पांढरे टी-शर्ट हवे होते, निळ्या अक्षरांत. पिशवीतून त्यांनी मागच्या वर्षीचा टी-शर्ट काढला, कुठल्याशा दुकानातून छापलेला. 'धम्मचक्र'मधला क्र फुटलेला होता. पाय मोडका क वेगळा, र वेगळा. 'दिन'ची वेलांटी द सोडून पुढं गेलेली. काका टी-शर्ट टेबलावर पसरून बोट ठेवून दाखवत होते. म्हणाले, "लोकं फोटो काढत होते, अन् छातीवर हे."

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं लाखो लोकांना दीक्षा दिली, तिथं तो माणूस सेवा करायला जातो. दिवसभर छातीवर तोच शब्द मोडलेला घेऊन फिरला. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

हे का होतं, तेही सांगतो. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जोडाक्षरं न समजणाऱ्या फाँटमध्ये चिकटवला की अक्षरं सुटतात. छापणाऱ्याला घाई असते, गिऱ्हाईक प्रूफ बघत नाही, आणि शाई एकदा कापडावर भाजली गेली की मागं फिरता येत नाही. इंग्रजी नावात एक अक्षर चुकलं तर लोक माल परत करतात. मराठीत चालवून घेतात. हे चालवून घेणं मला मान्य नाही. शासनानं २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असा निर्णय काढला, तरी आपल्या मंडळांच्या टी-शर्टवर हिंदी वळणाचेच ल आणि श दिसतात, कारण फुकट मिळणारा पहिला फाँट तसा असतो.

त्या पंचेचाळीस टी-शर्टसाठी मी फाँट घेतलाच नाही. कागदावर हातानं काढलं. क्र चार वेळा काढला. पोटातली तिरपी रेघ जरा जाड ठेवली, कारण बारीक रेघ पांढऱ्या कॉटनवर दोन धुण्यांत तुटक दिसायला लागते. त्याच आठवड्यात चारशे टोप्यांची ऑर्डर होती आणि मित्राचं म्हणणं होतं की टोप्या आधी, पंचेचाळीस टी-शर्टवर तीन दिवस घालवणं परवडत नाही. तो चुकीचा नव्हता. दुकानाचं भाडं, मशीनचा हप्ता तोच भरतो. आमचं जोरात वाजलं. मग त्यानंच तो कागद काढला. गिऱ्हाइकाच्या कामाला पहिला हक्क असं त्यात होतं, आणि काकाही गिऱ्हाईकच होते. शेवटी टोप्या दिवसा आणि टी-शर्ट रात्री असं ठरलं. रात्री साडेअकराला स्क्विजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, त्यानंच ओढली, माझ्या हाताला अजून तो सारखा दाब येत नाही.

काका माल घ्यायला आले तेव्हा त्यांनी एक टी-शर्ट उघडून सगळा मजकूर मोठ्यानं वाचला. मग घडी घातली आणि पैसे मोजले.

हे असं काम करायला मी आलो आहे. पुष्कळ लोक मला म्हणतात, ऑर्डरचं काम करून कलाकार कसा होशील, स्वतःचं काही कर. स्वतःचंही करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे निघतात, त्याच्या आधी 'घेऊन जाय गे मारबत' असा काळा-पिवळा टी-शर्ट आम्ही काढला. सव्वाशे वर्षांहून जुनी आपली मिरवणूक, तिची आरोळी आपल्याच बोलीत हवी होती. शंभर छापले, चौसष्ट गेले, उरलेले फडताळात आहेत. मला त्या टी-शर्टचा अभिमान आहे. पण माझ्या हातून झालेलं आजवरचं सगळ्यात चांगलं अक्षर म्हणजे उमरेडच्या काकांचा क्र. तो मला सुचला नव्हता, त्यांना तो हवा होता. गिऱ्हाइकाच्या गरजेपासून लांब बसून मला तो काढता आला नसता, असं मी ठामपणे म्हणतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कुठल्याही दुकानात मराठी काही छापायला द्याल तर प्रूफ मागा, आणि ते मोठ्यानं वाचा. छापणाऱ्याला राग येत नाही, आला तर येऊ द्या.

आणि दुसरं. गेल्या महिन्यात दुकानाच्या माळ्यावर मित्राच्या बाबांचे जुने बटर पेपर सापडले. ते काका आता नाहीत. कडा पिवळ्या पडल्यात, काही उंदरांनी खाल्लेत, पण अक्षरं जशीच्या तशी आहेत. मी ती एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतो आहे, त्यांच्या वळणाचा पूर्ण फाँट करायचा आहे. ळ अजून सापडलेला नाही. पत्रिकांच्या मथळ्यांत ळ फारसा येत नसावा. तुमच्या घरी महालात छापलेली पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका असेल, आणि तिच्यात कुणाचं आडनाव काळे, गावळे, पिंपळकर असं काही असेल, तर कृपा करून फोटो पाठवा. सरळ वरून काढा, उजेडात.