ताटलीतल्या पेशी मेल्या म्हणून सोरायसिस बरा होत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'कडुनिंबाचा अर्क सोरायसिसच्या पेशी ४८ तासांत मारतो, लॅबमध्ये सिद्ध! रक्त शुद्ध होऊन आजार मुळासकट जातो. गोळ्या आजच बंद करा.' सोरायसिस म्हणजे कातडीवर खवलेदार चट्टे उठणारा आजार. तो असलेल्या माझ्या चोपड्याच्या मामांनी हा मेसेज खरा मानला, म्हणून हे लिहितेय.

'पेशी मारतो.' अशी चाचणी खरंच असते. कातडीच्या पेशी प्लास्टिकच्या ताटलीत वाढवतात, त्यांवर औषध घालतात, मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य टाकतात. जिवंत पेशी ते जांभळं करतात. जांभळा रंग फिका आला की जिवंत पेशी कमी, एवढंच कळतं. त्यांची वाढ मंदावली की त्या विषाने मेल्या, हे त्यावरून ठरत नाही. भांडी घासायचा साबण घातला तरी रंग फिकाच येईल. निरोगी कातडीत पेशीला तळाच्या थरातून वर यायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये तीच पेशी चार-पाच दिवसांत वर येते. औषधाने हा वेग आवरायचा असतो, कातडी जाळायची नसते. म्हणून नवा डीएनए किती बनतोय, हे वेगळं मोजतात आणि किती मात्रेला काय झालं ते लिहितात. मेसेजमध्ये मात्रेचा आकडाच नाही.

'सोरायसिसच्या पेशी.' अशा चाचण्यांत बऱ्याचदा हाकॅट नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या कातडीच्या पेशी वापरतात. १९८८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी जाहीर केलेल्या या पेशी एका माणसाच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीतून घेतल्या होत्या. म्हणजे त्या सोरायसिसच्या नव्हेतच.

'रक्त शुद्ध होतं.' रक्तात घाण नसतेच. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी आयएल-१७सारखे रासायनिक संदेश सोडून कातडीच्या पेशींना भराभर वाढायला लावत असतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनने चट्टे ओसरतात, हे १९७९ मध्येच दिसलं होतं. एकट्या कातडीच्या पेशी असलेल्या ताटलीत टी-पेशी नसतात. मग आजाराची परीक्षा तिथे पुरी होणार कशी?

'मुळासकट जातो.' पौषातल्या थंडीत चट्टे वाढतात आणि चैत्राच्या उन्हात अनेकांचे आपसूक कमी होतात. फाल्गुनात सुरू केलेलं कुठलंही तेल गुणकारी वाटेल. म्हणूनच औषध न घेणाऱ्यांशी तुलना लागते.

'गोळ्या बंद करा.' सगळ्यात घातक ओळ हीच. मामा आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसची गोळी घ्यायचे. ती त्यांनी कुणाला न विचारता सोडली. दीड महिन्यात चट्टे पाठभर पसरले, बोटांचे सांधे सुजले आणि केळीचा घड कापायला विळा धरवेना. आता गोळी पुन्हा सुरू आहे, पण उजव्या हाताची मूठ अजून पुरती वळत नाही.