रामापिथेकस विसरलात

'शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी माणसाचा पूर्वज बदलतात' हे शास्त्रज्ञांवर चिडलेल्या तुमच्या लेखातलं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण तो बदल कशामुळे होतो याबद्दल एक अक्षर नाही. शिवालिक टेकड्यांत 1932 साली मिळालेला रामापिथेकस या नामशेष वानराचा जबड्याचा तुकडा साठच्या दशकात थेट मानवाच्या पूर्वजाचा ठरला होता. 1967 मध्ये सॅरिक आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातली प्रथिनं तपासून सांगितलं, की माणूस आणि आफ्रिकी वानरं जेमतेम 50 लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली; म्हणजे त्याहून कितीतरी जुना रामापिथेकस आपला पूर्वज असूच शकत नाही. जीवाश्म अभ्यासणाऱ्या हाडंवाल्यांनी ते आधी उडवूनच लावलं! मग पाकिस्तानात रामापिथेकसच्या अगदी जवळच्या शिवापिथेकसचा चेहरा सापडला, तो ओरांगउटानच्या वळणाचा; म्हणजे दोघंही आपल्या नव्हे, ओरांगउटानच्या बाजूचे. आणि हे 1982 मध्ये छापलं कुणी? रामापिथेकसची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या डेव्हिड पिलबीम यांनीच.

मी नाशिकला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. क्लासच्या नोट्समध्ये रामापिथेकस अजून 'मानवसदृश' म्हणून ठाण मांडून बसलाय. उलट, इथून हाकेच्या अंतरावर गंगापूरला गोदाकाठी पुरातत्त्वज्ञ संकलियांना अश्मयुगीन हत्यारं सापडली, ते कुठल्याच नोट्समध्ये नाही. चिडायचंच तर या न बदलणाऱ्या नोट्सवर चिडा की.