नॅकच्या फोटोपुरता विद्यार्थी

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हटलं की कॉलेजातली बाकं हलतात. एरवी फळ्याकडे तोंड करून असलेली बाकं गोलाकार मांडली जातात, पाच-पाच मुलांच्या हातात चार्ट पेपर दिला जातो आणि जिओटॅगवाला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो निघतो. अनुभवातून शिकणं, सहभाग, प्रश्न सोडवणं अशा विद्यार्थीकेंद्री पद्धती कॉलेज वापरतं की नाही, असं एक कलम नॅकच्या निकषांत आहे. त्या कलमाला जोडायचा पुरावा म्हणजे हा फोटो. तो एकदा झाला की बाकं आपल्या जागी आणि मास्तर-मास्तरणी नोट्स सांगायला मोकळ्या.

मी अर्थशास्त्र शिकवते, उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात. विद्यार्थीकेंद्री शिकवण्याच्या मी पूर्ण बाजूची आहे, म्हणूनच या फोटोंचा राग येतो. बाकं कशीही मांडा हो. मुलांना वर्गात कुठल्या भाषेत बोलायची मुभा आहे आणि शेवटी पेपरात काय विचारणार आहात, ते सांगा. आपल्याकडे अडलंय ते या दोन ठिकाणी.

गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, घ्या. एकाचा खर्च ते दुसऱ्याचं उत्पन्न. हातात आलेल्या शंभरातले ऐंशी माणसं खर्च करत असतील, तर बाजारात नव्याने आलेला एक रुपया फिरत फिरत पाच रुपयांचं उत्पन्न तयार करतो. सूत्र, आकृती, दोन उदाहरणं, की झाला टॉपिक. पण माझ्या वर्गात डिचोली-सत्तरीची, म्हणजे लोहखनिजाच्या खाणींच्या भागातली, पोरं बसतात. 2012 ची खाणबंदी त्यांना आठवत नाही, तेव्हा ती बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत होती. 2018 ची मात्र पक्की आठवते. त्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केली आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. म्हणून सूत्र फळ्यावर मांडायच्या आधी विचारलं, ‘तुमच्या वाड्यावर पहिलं काय बंद पडलं?’

खनिज वाहणारे टिपर ट्रक उभे राहिले, हे सगळ्यांनीच सांगितलं. मग एकेक निघायला लागलं. टायरवाला. गॅरेज. रस्त्याकडेचं हॉटेल, जिथे सकाळी ड्रायव्हरांना पातळभाजी-पाव पुरत नसे. बँकेचे हप्ते. एकीने सांगितलं की त्यांच्या गावच्या जत्रेचं नाटकच त्या वर्षी झालं नाही. नेपथ्य, संगीत, बाहेरून आणायच्या नट्या, या सगळ्याला पैसे घालणारे टिपरवालेच होते. गुणक उलटा फिरला की कुठवर पोचतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडच्या कुठल्याही पुस्तकात नाही. आणि मग मागच्या बाकावरून, वर्षभर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, ‘पूण मॅडम, भाजी बेळगांवची न्हय?’

वर्ग हसला. पण त्याचा मुद्दा बिनतोड होता. गोव्यात मिळवलेला पैसा भाजीला, दुधाला, बाहेरच्या ड्रायव्हरांच्या घरी पाठवायला गोव्याबाहेर जातो, मग पाचाचे पाच इथे कसे राहतील? आयातीमुळे गुणक लहान होतो, हे आम्ही बरंच नंतर शिकवतो. त्याने ते परीक्षेच्या भीतीशिवाय, बाजाराच्या पिशवीतून काढलं.

हे सगळं कोकणी-मराठीच्या सरमिसळीत झालं. ‘नाऊ डिस्कस इन इंग्लिश’ म्हटलं असतं तर नेहमीचे तीन हात वर आले असते. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, पाचवीपासून इंग्रजी, ही आपल्या सरकारी शाळांतल्या पोरांची वाट. कॉलेजात सगळं इंग्रजीत. अशा वर्गात इंग्रजीतून चर्चा ठेवली की ती शहरातल्या इंग्रजी शाळांतून आलेल्यांची चर्चा होते, बाकीचे श्रोते. त्यापेक्षा लेक्चर बरं, निदान ते सगळ्यांना सारखंच कंटाळवाणं असतं! यावर सहकारी म्हणतात, ‘पण पेपर इंग्रजीत लिहायचाय ना?’ लिहायचाय की. आधी आपल्या भाषेत भांडून विचार पक्का करू द्या, मग शेवटची दहा मिनिटं तोच इंग्रजीत लिहून काढायला द्या. मी तसंच करते.

सिलॅबस पुरा होत नाही, ही दुसरी तक्रार. उच्च शिक्षण संचालनालयाने 2020 मध्ये ‘दिष्टावो’ सुरू केलं, आपल्याच प्राध्यापकांची रेकॉर्ड केलेली लेक्चरं यूट्यूबवर आहेत. जे तिथे ऐकायला मिळतं तेच वर्गात पुन्हा का सांगायचं? सत्तरीत काही ठिकाणी रेंज नसते हे मान्य, पण पोरं कॉलेजात डाउनलोड करून नेतात, सिनेमे नेतातच की.

मुलांची कुरकुर मात्र खरी आहे. ‘मॅडम शिकवत नाहीत, आमच्याकडूनच वदवून घेतात.’ फीडबॅक फॉर्मात हे उतरतं, आणि तरुण शिक्षक तिथेच माघार घेतात. त्यांनी हार्वर्डमधला 2019 चा प्रयोग वाचावा. भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलांना स्वतः गणितं सोडवायला लावली तेव्हा ती जास्त शिकली, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना वाटलं. गुळगुळीत लेक्चरनंतर नेमकं उलट. त्याआधी 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या 225 अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला होता. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सुमारे 34 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे 22. अर्थशास्त्राला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण दिशा कळते.

लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकांना मी यात दोष देत नाही. ज्यांचे पैसे तासावर मोजले जातात त्यांनी तयारीचे तास कुठून आणायचे? आणि ग्रुप प्रोजेक्ट देताना वाळपईकडची शेवटची कदंबा बस किती वाजता सुटते, तेही बघत जा.

उरला पेपर. आयएसए, म्हणजे सेमिस्टर चालू असतानाच्या अंतर्गत चाचण्या, आणि सेमिस्टर-एंड परीक्षा, पण बहुतेक वजन सेमिस्टर-एंडचं. त्यात ‘एक्सप्लेन द कन्सेप्ट ऑफ मल्टिप्लायर’. बेळगावच्या भाजीचा मुद्दा काढणारा तो मुलगा त्या प्रश्नाला काय लिहिणार? गाइडमधलं पान. ते जो लिहील त्याला पूर्ण मार्क, जो आपल्या गावचं लिहील तो सूत्र विसरला म्हणून त्याचे दोन कापणार. म्हणून विद्यापीठाच्या बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये, म्हणजे अभ्यासमंडळात, असलेल्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे: निदान अर्धा पेपर असा काढा, ज्यात एखाद्या गावाची माहिती किंवा आकड्यांचा तक्ता दिलाय आणि त्यावरून विचार करायचाय. तपासायला वेळ जास्त लागेल, मॉडेल आन्सरला धरून भराभर मार्क देता येणार नाहीत, आणि पहिल्या वर्षी निकाल खाली येईल. तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये पालक येतील. त्यांना काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवूया.