पंधरा मिनिटांच्या पट्टीने जग उघडलं असतं म्हणे

आमच्या शेअरबाजारवाल्या ग्रुपवर तो मेसेज परवा चौथ्यांदा आला. ग्रुप नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरणाऱ्या मंडळींचा. पाठवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस, त्यामुळे मी चारचौघांत काही बोलले नाही. मेसेज थोडक्यात असा: ‘मोठ्या गुंतवणूकदारांनी २०२० मध्येच सांगितलं होतं की पंधरा मिनिटांत कोरोनाचा निकाल देणारी स्वस्त पट्टी रोज प्रत्येकाला द्या, दोन आठवड्यांत समाज उघडेल. बाजाराने हे ओळखलं म्हणूनच तो उसळला. सरकारांनी आणि लस कंपन्यांनी ही पट्टी दाबली.’ खाली एक रॉकेट आणि जोडलेले हात.

दोन्ही विषयांत माझा थोडाथोडा जीव अडकलेला आहे. एक लहानशी एसआयपी आहे, आणि २०२०-२१ मध्ये मी एका खाजगी लॅबची तंत्रज्ञ म्हणून सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या गेटवर लोकांच्या नाकात काड्या घालत होते. म्हणून हे लिहिते आहे.

‘मोठ्या गुंतवणूकदारांनी सांगितलं होतं.’ कोणी? त्या काळात सगळ्यात गाजलेला गुंतवणूकदार म्हणजे अमेरिकेतले बिल ॲकमन. १८ मार्च २०२० ला टीव्हीवर येऊन त्यांनी मागणी केली ती देश तीस दिवस बंद करण्याची. बाजार पडेल यावर त्यांनी लावलेल्या सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरचे २६० कोटी झाले, आणि बंद करा म्हणत असतानाच ते शेअर विकतही घेत होते. रोजच्या स्वस्त पट्टीचा आग्रह धरला तो हार्वर्डच्या मायकेल मिना यांनी. ते साथरोगतज्ज्ञ. सगळ्यांची दर दोन आठवड्यांनी चाचणी करा, त्यासाठी शंभर अब्ज डॉलर खर्च करा, असं म्हणणारे पॉल रोमर अर्थशास्त्रज्ञ, २०१८ चे नोबेल विजेते. फॉरवर्ड करणाऱ्याने शास्त्रज्ञाच्या तोंडचं वाक्य काढून गुंतवणूकदाराच्या तोंडी घातलं, कारण आपल्या ग्रुपवर कोणाचं वजन पडतं ते त्याला बरोबर माहीत आहे.

‘बाजाराने ओळखलं.’ इथे तारखाच लावून बघू. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी आपटला, निफ्टी ७,६१० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी तळ गाठला आणि तिथून वळला. भारतात पहिल्या अँटिजेन किटला, म्हणजे याच पट्टीला, आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधन परिषदेने) मान्यता दिली १४ जून २०२० ला, आणि तोवर निफ्टी साडेनऊ हजारांच्या वर जाऊन बसला होता. म्हणजे पट्टी यायच्या आधीच दोन हजारांहून अधिक अंक भरून निघाले होते. मग बाजाराने ओळखलं काय? २३ मार्चला अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, हवे तितके रोखे विकत घेऊ असं जाहीर केलं. २७ मार्चला आपल्या रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, पाऊण टक्क्याने कापून ४.४० वर आणला आणि मे महिन्यात ४ वर. पैसा स्वस्त झाला, तो कुठेतरी जाणारच.

आणि समाज उघडण्याची किल्ली बाजाराला कुठे दिसली, तेही तारखेसकट सांगता येतं. ९ नोव्हेंबर २०२० ला फायझरने आपली लस ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी अमेरिकेत विमान कंपन्यांचे शेअर उडाले आणि घरी बसून मीटिंगा घडवणारा झूम सुमारे १७ टक्के पडला. चाचणीच्या कंपन्यांचं काय झालं? ॲबट या अमेरिकी कंपनीची पाच डॉलरची, पंधरा मिनिटांची पट्टी ऑगस्ट २०२० मध्ये आली, तेव्हा शेअर वर गेला हे खरं. अमेरिकी सरकारने अशा १५ कोटी पट्ट्या ७६ कोटी डॉलरला घेतल्या. पण लसीकरण सुरू झालं तशी मागणी आटली, आणि १ जून २०२१ ला कंपनीने नफ्याचा अंदाज खाली आणल्यावर तोच शेअर धाडकन पडला. काका, बाजाराचीच साक्ष काढायची तर ती तुमच्या विरुद्ध जाते.

आता ‘रोज प्रत्येकाला’. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.८६ लाख. पंधरा धरू. सुरुवातीला किट साधारण ४५० रुपयांना पडायचं. म्हणजे एका शहराचे एका दिवसाचे साडेसदुसष्ट कोटी. बरं, पुढे किंमत उतरली, शंभर रुपये धरा. तरी रोजचे पंधरा कोटी, आणि नाकात काडी घालणारे हात वेगळेच. पैसे आकाशातून पडले असं मानलं तरी दुसरा हिशेब राहतो. त्या पहिल्या किटच्या पडताळणीत निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचं प्रमाण ९९.३ ते १०० टक्के होतं. ऐकायला उत्तम. पण ९९.३ चा अर्थ असा की पंधरा लाखांत १०,५०० माणसं काहीही झालेलं नसताना पॉझिटिव्ह निघणार. आज. उद्या वेगळी साडेदहा हजार. आजारी माणूस पकडण्याचं प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के होतं, म्हणून तर लक्षणं असून निगेटिव्ह आलं की लॅबमधली अधिक अचूक आरटीपीसीआर चाचणी करायची असा नियम होता.

इथे फॉरवर्डची बाजू थोडी घेते. मिना यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. ही पट्टी प्रत्येक संसर्ग पकडत नाही, पण जो त्या दिवशी जोरात पसरवतो आहे त्याला बऱ्यापैकी पकडते, आणि लगेच सांगते. एप्रिल २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा निकाल यायला तीन-तीन, चार-चार दिवस लागत असताना माणूस तोवर दूध, भाजी, मयत सगळं करून आलेला असायचा. चार दिवसांनी आलेला अचूक निकाल काय चाटायचा? हे मी तेव्हाही म्हणत होते.

पण ‘निकाल आला की समाज उघडला’ या दोन गोष्टींच्या मध्ये गेटवर काय घडतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही.

काडी नळीतल्या द्रावणात पाच-सहा वेळा फिरवायची, नळी चिमटीत दाबून काडी काढायची, पट्टीवर तीन थेंब. आधी ‘सी’ची रेषा येते, म्हणजे पट्टी नीट चालते आहे. मग ‘टी’च्या जागेकडे, जिथे रेषा आली तर पॉझिटिव्ह, दोघं बघत बसतात, मी आणि समोरचा. पंधरा मिनिटांनी वाचायचं, तीस मिनिटांनंतर वाचलेलं धरायचं नाही. मे महिन्यात टेबल सावलीत हलवत राहायचं, कारण किट तीस अंशांच्या आत ठेवायचं आणि नाशिक चाळिशीला टेकलेलं. अंबडला एका गेटवर चाळिशीचा एक कंत्राटी कामगार होता. रेषा माझ्याआधी त्याला दिसली. पेन्सिलीने ओढून खोडावी तितकी पुसट.

‘मॅडम, ही धरत नाहीत ना?’

पुसट असली तरी धरतात. मी पॉझिटिव्ह लिहिलं. सुपरवायझर घड्याळ बघत होता, पाळी सुरू व्हायची होती. त्या माणसाने डबा उचलला, सायकलला अडकवला आणि निघाला. दोन आठवडे बिनपगारी, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पुढच्या आठवड्यात त्या ठेकेदाराची अकरा-बारा माणसं टेबलाकडे फिरकलीच नाहीत. कोणाचं नाक दुखत होतं, कोणाची गावाकडे आई आजारी. पट्टी फुकट होती बरं का, पैसे कंपनी भरत होती.

याउलट राज्य सरकारच्या एप्रिल २०२१ च्या आदेशात घरपोच माल देणाऱ्यांसारख्या, लस न घेतलेल्या लोकांना निगेटिव्ह दाखला जवळ ठेवणं सक्तीचं झालं. दाखला पंधरा दिवस चालायचा! आज नाकात विषाणू नाही म्हणजे पुढचे पंधरा दिवस नसणार, असं कुठल्याच पट्टीवर लिहिलेलं नसतं. मुलं यायची आणि म्हणायची, ‘ताई, उद्या सोळावा दिवस, आजच मारून द्या.’ त्याच सुमारास आपल्याकडे मेनरोडच्या बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती होती. तासभर फिरा, जास्त रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. नाशिक उघडं ठेवायचं गणित खरोखर या पावतीवर चाललं होतं.

मेसेजच्या एका आवृत्तीत स्लोव्हाकियाचं नाव असतं, म्हणून तेही. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत त्या छोट्या देशाने सुमारे ३६ लाख लोकांची अँटिजेन चाचणी केली, ३८ हजारांवर पॉझिटिव्ह निघाले. जिथे आठवड्याने दुसरी फेरी झाली तिथे संसर्गाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. थक्क करणारं काम. पण चाचणी न केलेल्यांना घराबाहेर पडायला बंदी होती आणि इतर निर्बंधही चालूच होते, त्यामुळे यातलं पट्टीचं श्रेय नेमकं किती, हे अभ्यासकांनाही वेगळं काढता आलं नाही. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या देशांत तोच होता. फॉरवर्ड नोव्हेंबरलाच संपतो.

राहिलं ‘दाबलं’. ॲबटच्या त्या पट्टीला अमेरिकेत परवानगी मिळाली त्याच्या दोन महिने आधीच आपल्याकडे अँटिजेन किटला मिळाली होती आणि सरकारी केंद्रांवर ती धो धो वापरली गेली. घरी करायची पट्टी मात्र उशिरा आली, हे मान्य. पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फला मान्यता मिळाली १९ मे २०२१ ला, किंमत २५० रुपये. तोवर दुसरी लाट आपलं काम करून गेली होती.

ते किट मी स्वतः वापरलं जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या वेळी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पट्टी ठेवली, तीन थेंब टाकले. पाचव्या मिनिटालाच दोन्ही रेषा, अगदी गडद. लॅबला फोन केला, वरच्या खोलीत गेले आणि सात दिवस झोपून काढले. महिनाअखेरीला पगार पूर्ण जमा झाला.