दहापैकी नऊ, तेही ट्रेलरवर

नॉर्वेच्या सिनेमातली विविधता तपासायची आहे? अगदी सोपं काम आहे, सिनेमा पाहायचीही अट नाही. 'व्हा विल फोल्क सी' घ्या, म्हणजे 'लोक काय म्हणतील'. इराम हक यांचा २०१७ चा सिनेमा, ऑस्लोतल्या पाकिस्तानी घरात वाढलेल्या सोळा वर्षांच्या निशाचा, जिला घरचे पाकिस्तानात नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. परवा एका चर्चेत त्याला प्रतिनिधित्वाचे, म्हणजे एखादा समाज पडद्यावर कसा दिसतो याचे, दहापैकी नऊ गुण मिळाले, तेही ट्रेलरवर. अशी झटपट पद्धत सगळ्यांपर्यंत पोचायलाच हवी.

आधी चेहरे मोजा. पोस्टरवर सावळी मुलगी दिसली की तीन गुण.

नावांची पाटी सुरू झाली की लगेच उठा. बसून राहिलात तर बाप झालेले आदिल हुसेन आसामचे आहेत, आई झालेल्या एकावली खन्नाही भारतीय आहेत आणि पडद्यावरचा पाकिस्तान भारतात चित्रित झालाय, हे कळेल. मग 'अस्सल पाकिस्तानी वातावरण' हे तुमचं लाडकं वाक्य खोडावं लागेल.

संवाद ऐकू नका, सबटायटल्स वाचा. ऑस्लोतले बरेच पाकिस्तानी मूळचे पाकिस्तानी पंजाबातल्या गुजरात-खारियां पट्ट्यातले (हे गुजरात तिकडचं, आपलं राज्य नव्हे), १९७० च्या आसपास मजुरीसाठी गेलेले. त्यांच्या घरात पंजाबी चालते, सिनेमातलं घर उर्दू बोलतं. खरा परीक्षक इथे पेन्सिल उचलतो. तुम्ही पॉपकॉर्न उचला.

निशाचा गोरा मित्र विविधतेत धरायचा नाही. तो 'नॉर्मल'!

दिग्दर्शिकेला स्वतःला चौदाव्या वर्षी आईवडिलांनी पाकिस्तानात नेऊन ठेवलं होतं. ही माहिती फार सोयीची आहे. सिनेमा आवडला तर 'बघा, सगळं खरंच', नाही आवडला तर 'बाईंनी घरचा राग काढलाय'.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निष्कर्ष आधी लिहून टाका: 'त्यांच्यात असंच असतं.' एवढं लिहिलं की डोळे मिटायला मोकळे. बाप रात्री उठून मुलं अंथरुणात आहेत ना ते बघतो, ते बघू नका. तोच बाप पुढे पोरीला कड्याच्या टोकाशी नेऊन उडी मार म्हणतो, ढकलत मात्र नाही, तेही नको. शेवटी ती खिडकीतून पळते तेव्हा तो नुसता बघत उभा राहतो. आता याला राक्षस म्हणायचं की बिचारा? तुमच्या तक्त्यात तिसरा रकानाच नाही! पोरीला बालकल्याण खात्याने ठेवलेल्या सुरक्षित जागेतून फोन करून बाहेर बोलावते ती आई. बाई असून? हो, बाई असूनच, कारण चार लोकांत मान खाली घालायची वेळ आधी तिच्यावर येणार. बालकल्याण खात्याची माणसं समोर बसलेली असताना निशा 'सगळं ठीक आहे' सांगते. ती असं का सांगते आणि त्यांना ते खरं का वाटतं, हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न नाही तर काय आहे? कॅनडातलं स्थळ व्हिडिओ कॉलवर बघतात, सून पुढे शिकली नाही तरी चालेल असं ठरतं, आणि हे बघताना तुम्हाला फक्त पाकिस्तान आठवतो? आपल्या सोसायटीतलं एकही घर आठवत नाही?

पुरे झाला हा चावटपणा. एका सिनेमाने नॉर्वेतल्या झाडून सगळ्या पाकिस्तान्यांची हजेरी घ्यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच शहरातल्या गोऱ्या मुलांवरच्या सिनेमाकडून तुम्ही हे कधी मागत नाही. खोट काढायची तर हवी तिथे काढा. निशाला मन आहे, बापाला मन आहे, पण तिचा पासपोर्ट जाळणाऱ्या पाकिस्तानातल्या नातेवाइकांना दटावण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही, आणि दूरचा देश बराचसा शिक्षेची जागा होऊन बसतो. हा आक्षेप दमदार आहे, पण तो घ्यायला पावणेदोन तास फोन बाजूला ठेवून बसावं लागतं. प्रसंग कुणाच्या नजरेने दिसतोय, कोण नुसतं ओरडायला आणलंय, कुणाला गप्प राहायलाही जागा मिळाली, हे टिपावं लागतं. एवढे कष्ट घ्यायचे नसतील तर गुण वाटत फिरू नका.