मागची स्प्रिंग

ज्या माणसाला सायकल घ्यायचीच नव्हती, त्याने परवा मला डिचोलीतल्या एका सायकलच्या दुकानात भर गिऱ्हाइकांसमोर खुळा ठरवलं. वर दुकानदाराने पाणी विचारलं ते त्यालाच.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माझी जुनी सायकल एकवीस गिअरची, त्यातले चालू गिअर पाच. पुढे स्प्रिंग म्हणून जे दोन दांडे होते ते दुसऱ्याच पावसाळ्यात गंजून जाम झाले. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्याकडची लाल माती एकदा ब्रेकच्या केबलीत शिरली की केबल बदलल्याशिवाय बाहेर येत नाही. पाळी-सुर्ल्याच्या बाजूचे खाणींचे कच्चे रस्ते, जांभ्याचे सडे, तिकडे फिरायला म्हणून हार्डटेल माउंटन बाईक घ्यायचं ठरवलं. बजेट ४० हजार. घरी सांगितलेलं बजेट २५.

हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे नुसती कडक फ्रेम. मागेही सस्पेन्शन असलेल्या खऱ्या सायकली लाखाच्या पुढे जातात, आणि स्वस्तातल्या दोन स्प्रिंगवाल्या निव्वळ शोभेच्या. पायडल मारलं की डुलायचं, मागचे सांधे वर्षभरात खुळखुळायला लागायचे, आणि चढणीला वजनाने जीव जायचा. म्हणून मी यादीच घेऊन गेलो होतो. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा काटा, शक्यतो हवेचा, म्हणजे आपल्या वजनाप्रमाणे पंपाने हवा कमीजास्त करता येते. कॉइल स्प्रिंगच्या फोर्कला वरची गुंडी कितीही पिळा, स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे केबलीऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे. मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा फ्रीव्हीलचा, म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी पिळून बसवलेला नको, हबवर सरकवून बसवायची कॅसेट हवी, कारण फ्रीव्हीलच्या हबमध्ये त्या बाजूचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, आधाराविना राहतो आणि आपटला की वाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्रेमचा हेडट्यूब, म्हणजे फोर्कचा दांडा जिच्यात बसतो ती पुढची नळी, टेपर्ड हवा, खाली रुंद होत जाणारा, खालच्या अंगाला दीड इंचाचा. गिअर उद्या बदलता येतात, फ्रेम कोण बदलतो? सरळ हेडट्यूबची फ्रेम घेतली तर पुढे चांगला फोर्क बसवायची वेळ येते तेव्हा तो मिळतच नाही.

दुकानातल्या पोराने यादी ऐकून घेतली आणि मला पोपटी रंगाची, १४ हजारांची, दोन स्प्रिंगांची सायकल दाखवली. "सर, हिला स्टँड फ्री आहे."

मी ती बाजूला सारली आणि कोपऱ्यातली काळी हार्डटेल बाहेर काढायला लावली. किंमत साडेअडतीस हजार. फोर्क हवेचा, १०० मिलिमीटर दबणारा, पुढे एकच चक्र, मागे दहा. मी खाली बसून हेडट्यूबवर बोट फिरवत होतो, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"आरे बाबा, हिची फाटली स्प्रिंग खंय?" कोंकणीत फाटली म्हणजे मागची.

पंख्याखाली, मेकॅनिकच्या स्टुलावर एक काका बसले होते. शेजारच्या डॉक्टरांकडे नंबर लावून आलेले. तिथला पंखा बंद होता आणि इथला चालू होता, एवढाच त्यांचा सायकलींशी संबंध. हातात लॅबची मोठी पिवळी पिशवी.

"नसते काका, ही हार्डटेल आहे."

"नसते म्हणजे? काढली?"

"काढली नाही. लावलीच नाही."

"मग पैसे कमी कर म्हणून सांग ना त्याला!" आणि माझ्या वतीने ते स्वतःच मालकाला म्हणाले, "फाटली स्प्रिंग ना मरे. कितले कमी करता?"

मालक हसला. हाच मालक मी पाचशे रुपये कमी करा म्हटल्यावर हसला नव्हता.

काकांनी मग पोपटी सायकलीची किंमत विचारून घेतली आणि मोठ्याने हिशेब मांडला. दोन स्प्रिंगांना १४ हजार, एका स्प्रिंगला साडेअडतीस, म्हणजे स्प्रिंग काढायची मजुरी साडेचोवीस हजार. "म्हाका दी," ते म्हणाले, "हांव काडून दितां."

आता गप्प बसायला हवं होतं हे कोणीही सांगेल, पण आठवडेच्या आठवडे जमवलेलं ज्ञान पोटात मावत नव्हतं. मी वजन समजावलं, डुलणं समजावलं, सांधे समजावले. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "खड्डा आला तर?"

"सीटवरून उठायचं, गुडघे थोडे वाकवायचे. धक्का पाय खातात."

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा सायकलीकडे पाहिलं. मग दुकानाकडे वळून जाहीर केलं, "पयशेय हाणेंच दिवपाचे, आनी स्प्रिंगूय हाणेंच जावपाची!" म्हणजे पैसेही यानेच द्यायचे आणि स्प्रिंगही यानेच व्हायचं.

मुलीसाठी बास्केटवाली सायकल बघायला आलेल्या एक बाई हसल्या. हवा भरायला आलेला पोरगा हसला. दुकानातला तो पोर तर चेन साफ करायचं फडकं तोंडात कोंबून हसला.

मी शेवटचं हत्यार काढलं, इतिहास. म्हटलं, काका, हा सगळा खेळ सुरू झाला तो कॅलिफोर्नियात. १९७६ साली तिथल्या काही पोरांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावर शर्यती लावल्या. ना पुढे स्प्रिंग, ना मागे. उतार एवढा की मागच्या हबमधल्या ब्रेकातलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. पुढचा सस्पेन्शन फोर्क बाजारात यायला १९८९ उजाडलं. तोवर माणसं मेली का?

"अमेरिकेत पाठ मोडली तर सरकार बघतं," काका म्हणाले.

अमेरिकेत सरकार सगळ्यांचं रुग्णालयाचं बिल भरत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, पण काकांनी पिवळ्या पिशवीतून एक्स-रे काढलाच होता. तो त्यांनी ट्यूबलाइटला लावून धरला. "पळय. ही माझी फाटली स्प्रिंग."

वाळपई ते डिचोली, स्कूटरवरून, सगळी नोकरीभर. खाणींचे ट्रक होते तेव्हाचे रस्ते. कमरेतले खालचे दोन मणके एकमेकांना टेकायला आलेले. आता दुकानात माझी सायकल कोणाला दिसेना. बाई पुढे सरकल्या आणि आपलीही तीच जागा दुखते म्हणाल्या. पोराने हातातल्या सुट्या आऱ्याने एक्स-रेवर टोक टेकवून विचारलं, "ही का गॅप?" मालकाने चष्मा लावला. माझ्या मागे उभा असलेला हवावाला पोरगा हळूच म्हणाला, "दादा, दोन स्प्रिंगवालीच घ्या." तो असेल बारा वर्षांचा.

मला राग आला तो इथे. बारा लाखांची गाडी घेणाऱ्याला स्टेपनी का नाही म्हणून भर शोरूममध्ये कोणी झापत नाही. दीड लाखाची स्कूटर घेतली तर लोक पेढे मागतात. सायकल मात्र सार्वजनिक मालमत्ता. तिच्यावर कोणीही बोलावं, घंटी वाजवून बघावी, टायर दाबावं आणि "एवढ्यात सेकंडहँड बाईक आली असती" म्हणून निघून जावं. पाठीची एवढी काळजी असलेल्या या गावाने रस्त्याबद्दल कधी एवढा आवाज केला असता तर काकांना एक्स-रे काढावा लागला नसता. २०१२ साली खाणी थांबल्या, मग पुन्हा २०१८ साली थांबल्या, ट्रक गेले, आता परत दिसायला लागलेत. खड्डे मात्र एक दिवसही सुट्टीवर गेले नाहीत. केबल टाकायला रस्ता खणतात, वर माती लोटतात, आणि पावसात तिथे जे होतं त्यातून पाठीला वाचवायची जबाबदारी माझ्या मागच्या स्प्रिंगवर!

असो. मी किमतीवर आलो. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, ते पैसे कुठे दिसतात? मालक म्हणाला, हा जुना माल आहे. मी काकांकडे आशेने पाहिलं. इथे तरी त्यांनी तोंड घालायला हवं होतं. काका डोळे मिटून पंख्याखाली बसले होते.

पुढचं विघ्न मापाचं. माझ्या उंचीला लार्ज फ्रेम लागते आणि दुकानात होती मीडियम. "सीट वर घ्या," मालक म्हणाला. सीट वर घेऊन पायाची लांबी जुळते, हँडल पुढे सरकत नाही. गुडघे हाताच्या कोपरांना नमस्कार करत राहतात. पण आपल्याकडे सायकलीच्या सगळ्या दुखण्यांवर हा एकच उपाय आहे. शेवटी लार्ज पुण्याहून मागवायची ठरली. सोमवारी येईल. कुठल्या सोमवारी, हे मी विचारलं नाही.

पाच हजार ॲडव्हान्स दिले. मालकाने पावती फाडायला घेतली तोच काका जागे झाले आणि त्याला म्हणाले, उद्या हा पाठ धरून येईल आणि तुझ्या नावाने बोंब मारील, लिहून घे. मालकाला ते पटलं. त्याने पावतीवर मॉडेलच्या खाली, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मागची स्प्रिंग नाही. गिऱ्हाइकाला सांगितलेले आहे.' आणि माझ्यापुढे पेन धरलं.

मी सही केली. काकांनी पेन मागून घेतलं, साक्षीदार म्हणून खाली आपली सही ठोकली, आणि तेवढ्यात शेजारून कंपाउंडरने त्यांचा नंबर पुकारला. जाता जाता त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बरोबर खालच्या दोन मणक्यांवर.

दिलेला ॲडव्हान्स परत मिळणार नाही, हे मात्र पावतीवर आधीपासून छापलेलं होतं. त्याला साक्षीदार लागला नाही.